कंटेनरचे गोदाम : घेण्याआधी आत उभे राहून दार लावून पाहा

लगीनसराई आणि रमजानचा हंगाम जवळ आला की आम्हा कापडवाल्यांपुढे एकच सवाल असतो, माल ठेवायचा कुठे? अमरावतीचा इतवारा घ्या की अकोल्याचे जुने शहर, दुकाने बापजाद्यांच्या वेळची, गल्ल्या अरुंद आणि माडीवर गाठी चढवायला हमाल तयार नाही. अमरावतीचा ठोक बाजार नांदगाव पेठच्या रस्त्याला बिझीलँड, सिटीलँडकडे सरकला, तरी लहान दुकानदाराची गोदामाची अडचण सुटलेली नाही. अशा वेळी कोणीतरी हमखास सल्ला देतो, "अहो, एक जुना कंटेनर आणून टाका. लोखंडी पेटी आहे, चोर फोडणार नाही, पाऊस शिरणार नाही."

हा सल्ला खोटा नाही, पण अर्धा आहे. चोर आणि पाऊस यांचा बंदोबस्त कंटेनर करतो. ओल, ऊन, काळी माती आणि कागदपत्रे यांचा बंदोबस्त मालकाला स्वतः करावा लागतो. हा उरलेला अर्धा भाग आम्ही नुकसान सोसून शिकलो. व्यापारी व कारागीर बांधवांना तो फुकटात कळावा म्हणून हे लिहीत आहोत.

कंटेनर म्हणजे काय?

वऱ्हाडच्या माणसाला कंटेनरचे तत्त्व समजावून सांगायला नको. आपल्याकडे सरकी काढल्यावर रुई प्रेसमध्ये दाबून तिची गाठ बांधतात, कारण वाहतुकीत वजनाइतकीच जागाही महाग असते. सगळ्या गाठी एका मापाच्या असल्या की त्या रचायला, मोजायला आणि चढवायला सोप्या. कंटेनर म्हणजे हीच युक्ती मोठ्या प्रमाणावर. 26 एप्रिल 1956 रोजी अमेरिकेत माल्कम मॅक्लीन या ट्रकमालकाने 'आयडियल एक्स' नावाच्या जहाजावर 58 पेट्या चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला पाठवल्या, तेथून या धंद्याने वेग घेतला. पुढे साऱ्या जगाने या पेट्यांची मापे एक केली. आपल्याकडे 1989 मध्ये न्हावाशेवा बंदर सुरू झाले. बडनेरा आणि अकोला स्टेशनांवरून जाणाऱ्या मालगाड्यांवर ज्या रंगीत पेट्या दिसतात, त्या याच.

एक खुलासा येथेच केलेला बरा. बंद पत्र्याच्या ट्रकलाही आपल्याकडे कंटेनरच म्हणतात. ती ट्रकवर बांधलेली बॉडी असते. तिचा पत्रा पातळ, तिला जहाजी पेटीसारखे भक्कम कोपरे नसतात आणि जमिनीवर ठेवली की ती लवकर सडते. काही विक्रेते अशी उतरवलेली बॉडीही 'कंटेनर' म्हणून विकतात. जहाजी पेटीच्या आठही कोपऱ्यांवर भोके असलेले जाड ओतीव लोखंड असते. ते दिसले नाही तर पुढे बोलूच नये.

कोणते माप घ्यावे?

बाजारात मुख्यतः दोन मापे आहेत. 20 फुटी पेटी बाहेरून 20 फूट लांब, 8 फूट रुंद व साडेआठ फूट उंच असते. आतून ती सुमारे 19 फूट 4 इंच लांब, 7 फूट 8 इंच रुंद व 7 फूट 10 इंच उंच भरते, म्हणजे जवळपास 1,170 घनफूट जागा. रिकाम्या पेटीचे वजन सव्वादोन टनांच्या आसपास. 40 फुटी पेटीत जागा दुपटीहून थोडी जास्त आणि वजन पावणेचार टनांच्या आसपास. साडेनऊ फूट उंचीची 40 फुटी पेटीही मिळते, तिला हाय क्यूब म्हणतात.

कापडाच्या बाबतीत वजनाची चिंता नाही, जागा आधी संपते. म्हणून मोह 40 फुटीचा होतो. आमचे मत वेगळे आहे. दार एकाच टोकाला असते. 40 फुटी पेटीत मागची गाठ काढायला पुढच्या सगळ्या काढाव्या लागतात, आणि मध्ये वाट सोडली तर जागा वाया जाते. ती ट्रेलरवरून वस्तीत उतरवणेही कठीण. किरकोळ व मध्यम व्यापाऱ्याला 20 फुटी पुरते. अधिक जागा हवी असेल तर 20 फुटी दोन घ्याव्यात, एकीत हंगामाचा माल, दुसरीत बारमाही.

पाहणी कशी करावी?

रंग पाहू नये. ताजा रंग हा पुष्कळदा गंजावरचा पडदा असतो. या पेट्यांचे पोलाद खास जातीचे असते. वरचा गंज घट्ट बसतो आणि आतल्या लोखंडाला काही प्रमाणात सांभाळतो. म्हणून वरवरच्या तांबूस डागांना घाबरू नये. पापुद्रे सुटत असतील, हातोडीने ठोकल्यावर बद्द आवाज येत असेल, तर मात्र सावध व्हावे.

भर दुपारी जावे. आत उभे राहून बाहेर आपल्या माणसाला दोन्ही दारे लावायला सांगावे. हे दार फक्त बाहेरून उघडते, म्हणून बाहेरचा माणूस आपलाच असावा. दोन मिनिटे डोळे अंधाराला सरावू द्यावेत. छतात, कोपऱ्यात, दाराच्या कडेला उजेडाचा एक ठिपका दिसला तरी तेथून पाणी येणार. शंभर प्रश्न विचारून जे कळत नाही ते या दोन मिनिटांत कळते.

मग खाली वाकून बुडाचे आडवे लोखंडी बार पाहावेत, खरी सडन तेथे असते. छतावर शिडी लावून खोलगट पोचे आहेत का पाहावे, त्यांत पाणी साचते. दाराच्या उभ्या दांड्या एका माणसाच्या जोराने फिरल्या पाहिजेत आणि कडेचे रबर सलग असले पाहिजे. शेवटी नाक वापरावे. आतली जमीन जाड प्लायवूडची असते व किडीपासून बचावासाठी तिला औषध लावलेले असते. त्यातून पूर्वी रसायन किंवा खत भरले असेल तर तो वास कापड धरून ठेवते आणि धुतल्याशिवाय सोडत नाही. उग्र वासाची पेटी कितीही स्वस्त मिळाली तरी कापडासाठी घेऊ नये.

विक्रेत्याची भाषाही समजून घ्यावी. 'वन ट्रिप' म्हणजे एकच फेरी केलेली, जवळजवळ नवी. 'कार्गो वर्दी' म्हणजे अजून जहाजावर माल नेण्याजोगी. 'विंड अँड वॉटर टाइट' म्हणजे वारा-पाणी न शिरणारी, गोदामापुरती चांगली. 'ॲज इज' म्हणजे आहे तशी, तक्रार चालणार नाही. केवळ साठवणुकीसाठी तिसरी पुरेशी आहे, पहिलीचे पैसे मोजण्याचे कारण नाही. माल परदेशी पाठवायचा असेल तर दारावरची सुरक्षा-पट्टी, जिला सीएससी प्लेट म्हणतात, ती चालू मुदतीची हवी.

कागद पेटीइतकेच महत्त्वाचे

येथे आपले बांधव फसतात. परदेशी कंटेनर माल घेऊन आपल्या बंदरात येतात तेव्हा ठरावीक मुदतीत परत जाण्याच्या बोलीवर त्यांना आयात शुल्कातून सूट असते. तोच कंटेनर देशात विकायचा असेल तर शुल्क भरावे लागते. म्हणून पक्क्या जीएसटी बिलासोबत शुल्क भरल्याचा कागद, म्हणजे बिल ऑफ एंट्रीची प्रत, मागावी. पेटीवर चार अक्षरे व सात आकडे असा क्रमांक असतो, अक्षरांपैकी चौथे बहुधा 'यू'. तो क्रमांक दारावर, बाजूवर आणि बिलावर एकच असला पाहिजे. क्रमांक खरवडलेला किंवा नुकताच रंगाने झाकलेला दिसला तर सौदा सोडावा.

'कंटेनर हलवता येतो, मग परवानगी कशाला?' असे सांगणारे भेटतात. त्यांच्या भरवशावर राहू नये. जागा महानगरपालिकेच्या, ग्रामपंचायतीच्या की एमआयडीसीच्या हद्दीत आहे ते पाहून लेखी विचारणा करावी. शेतजमीन असेल तर अकृषक वापराचा प्रश्न येतो. जीएसटी नोंदणीत ही जागा धंद्याची जादा जागा म्हणून दाखवावी आणि विमा पॉलिसीतही तिचा पत्ता लिहून घ्यावा. ज्या पत्त्याची पॉलिसीत नोंद नाही, तेथे माल जळाला तर भरपाईसाठी झगडत बसावे लागते.

काळ्या मातीवरचे लोखंड

न्हावाशेव्याहून अकोला रस्त्याने सुमारे 600 किलोमीटर, अमरावती त्याहून पुढे. पेटीच्या किमतीवर ट्रेलरचे भाडे, हायड्रा क्रेन आणि पायाचा खर्च चढतो, म्हणून भाव विचारताना 'आमच्या जागेवर उतरवून' असाच विचारावा. एक बचतीची गोष्ट : 40 फुटी ट्रेलरवर 20 फुटी दोन रिकाम्या पेट्या बसतात. शेजारच्या व्यापाऱ्याशी मिळून मागवल्या तर भाडे निम्मे पडते. ट्रेलर वळायला जागा आहे का, वर विजेच्या तारा लोंबत नाहीत ना, हे आधी पाहावे.

आमची पहिली चूक येथे झाली. पेटी उन्हाळ्यात आणली, जमीन दगडासारखी टणक होती, म्हणून चार कोपऱ्यांखाली विटा ठेवून मोकळे झालो. मृग लागला आणि वऱ्हाडची काळी माती फुगली. एक कोपरा खचला, चौकट तिरपी झाली आणि दार असे अडकले की पहार घालून उघडावे लागले. पेटीचा सारा भार चार कोपऱ्यांवर असतो. तेव्हा प्रत्येक कोपऱ्याखाली काळी माती काढून मुरमापर्यंत खोदावे, काँक्रीटचे ठोकळे भरावेत आणि पेटी जमिनीपासून फूट-दीड फूट उंच, पाणसळीत ठेवावी. खालून वारा खेळतो, बूड सडत नाही. जुलै 2021 मध्ये मोर्णेचे पाणी अकोल्यात शिरले होते हे ज्यांना आठवते, त्यांनी नदीनाल्याजवळ ही उंची आणखी वाढवावी.

पेटीला घाम येतो

दुसरा धडा अधिक महाग पडला. तो सारा पावसाळा पेटीत पाण्याचा थेंब आला नाही. इतमिनानाने आम्ही ईद व दिवाळीनंतरच्या लग्नांसाठी चादरी आणि लुगड्यांच्या गाठी छतापर्यंत रचल्या. ऑक्टोबरात दार उघडले तर कोंदट वास. वरच्या गाठींवर काळे-हिरवे ठिपके. आम्ही संतापून विक्रेत्याला फोन केला, छताला भोक असलेली पेटी गळ्यात मारली म्हणून. मग आमच्या वेल्डरने आत उभे राहून दार लावून घेतले. उजेडाचा एक ठिपका नव्हता. पेटी निर्दोष होती, अज्ञान आमचे होते.

गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो, तोच प्रकार. दिवसा पेटी तापते, आतली हवा ओल धरते. रात्री पत्रा झपाट्याने गार होतो आणि ती ओल छताच्या आतल्या बाजूला थेंब होऊन खाली टपकते. ओल बाहेरूनच येते असे नाही, कापडही ती सोबत आणते. सुती धाग्याच्या व्यवहारात 8.5 टक्के ओल रीतसर धरली जाते, पॉलिएस्टरमध्ये अर्ध्या टक्क्याहूनही कमी. म्हणजे सुती माल असेल तर काळजी दुप्पट.

उपाय साधे आहेत. पावसाळी दिवसात आलेला माल एक-दोन दिवस कोरड्या जागी मोकळा ठेवूनच भरावा. गाठी लाकडी फळ्यांवर ठेवाव्यात. भिंतीपासून चार बोटे आणि छतापासून फूटभर अंतर सोडावे. ओल शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडच्या पिशव्या टांगाव्यात, पाणी भरले की बदलाव्यात. समोरासमोर जाळीची झरोके पाडावीत, पण त्यांना पावसाची झडप हवी. कोरड्या दिवशी दार उघडून हवा द्यावी, पावसात उघडू नये.

सर्वांत मोठा उपाय म्हणजे पेटीवर हातभर पोकळी सोडून वेगळे टिनाचे छप्पर. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 अंशांच्या वर जातो. नुसत्या उन्हातली पेटी भट्टी होते, रंगीत कापडाच्या घड्या आणि प्लास्टिकची वेष्टने खराब होतात. छपराने ऊन अडते व रात्रीचा घामही कमी होतो. तुराट्यांचा मांडव घालू नये, कापडाशेजारी ती आगीला दावत आहे.

कारागीर बांधवांसाठी

शिलाई, गादी किंवा वेल्डिंगचे काम पेटीत बसून करायचे असेल तर खिडकी पाडावी, पण नागमोडी भिंतीत बळ असते हे विसरू नये. जेवढे कापाल तेवढी लोखंडी अँगलची चौकट बसवा. पेटी लोखंडाची असल्याने विजेचे अर्थिंग आणि झटका बसताच पुरवठा तोडणारे यंत्र हवेच. माल भरलेल्या पेटीला बाहेरून वेल्डिंग करू नये, आतले कापड पेट घेते. आणि नोकर आत असताना बाहेरून कडी लावण्याची सवय कोणालाही लागू देऊ नये. आतून उघडणारे एक छोटे दार करून घ्यावे.

शेवटी हिशेब

कंटेनरचा भाव स्थिर नसतो. 2020-21 च्या कोविड काळात जगभर पेट्यांची टंचाई होऊन भाव भडकले होते, पुढे ते उतरले. म्हणून आम्ही आकडा सांगत नाही, रीत सांगतो. पेटी, भाडे, क्रेन, पाया, छप्पर यांची बेरीज करा आणि तीन वर्षांच्या गोदामभाड्याशी ताडून पाहा. जागा स्वतःची असेल तर बहुधा पेटी परवडते, कारण ती पुढे विकता येते आणि अगदी शेवटी भंगाराचे तरी पैसे देते. जागा भाड्याची असेल किंवा रोज दहा वेळा माल काढावा लागत असेल तर साधे गोदामच बरे.

आमच्या त्या गाठींपैकी काही धुऊन पडत्या भावाने गेल्या, काहींचे पोछे झाले. पेटी मात्र आजही उभी आहे, काँक्रीटच्या ठोकळ्यांवर आणि टिनाच्या छपराखाली. तिच्यावर जेवढा खर्च नंतर केला तेवढा आधी केला असता, तर गाठी वाचल्या असत्या.