पेराला तीन

गाठोडं सुटलं की आधी डांबरगोळीचा वास येतो आणि त्यामागून धुऊन धुऊन मऊ पडलेल्या सुती कापडाचा. सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातल्या एका घराच्या सोप्यात आज्जींनी असं गाठोडं पालथं केलं. लुगड्यांचे तुकडे, धोतराचा पन्ना, गणवेशाची बाही, उशीचा अभ्रा. उन्हाळ्याच्या सुट्टीत आलेल्या नातीला वाकळ, म्हणजे गोधडी, शिवायला शिकायचं होतं. आज्जींनी तिला आधी बसायचं छोटं बसकर शिवायला सांगितलं: हातभर लांब, हातभर रुंद, नऊ ठिगळांचं.

कापड निवडताना त्या डोळ्यांपेक्षा बोटांवर जास्त भरवसा ठेवत होत्या. चिमटीत धरून चोळलं की एक तुकडा उजवीकडे, एक डावीकडे. नायलॉनची साडी कितीही देखणी असली तरी डावीकडे, कारण ती घसरते आणि दुमड धरत नाही. कोरं कापडही डावीकडेच. त्यातली खळ निघाली की ते आटतं, आणि मग शेजारची जुनी ठिगळं गोळा होतात.

खाली लुगड्याचा तुकडा, त्यावर धोतराच्या दोन घड्या, चारी कडांना कच्चे टाके. एवढं झालं की पहिलं ठिगळ कोपऱ्यात बसतं. बाहेरच्या कडा करंगळीएवढ्या आत दुमडायच्या, आतल्या तशाच उघड्या सोडायच्या. दुसऱ्या ठिगळाची दुमडलेली कड पहिल्याच्या उघड्या कडेवर चढते, तिसऱ्याची दुसऱ्यावर. अशी आठ ठिगळं चौफेर फिरतात आणि नववं मधोमध बसतं. चारी बाजूंनी दुमडावं लागतं ते हेच एक. धावदोऱ्याच्या ओळीही बाहेरून आत येतात. कडेला राहिलेली सैल सुरकुती ओळीगणिक आत सरकते आणि शेवटी मधल्या ठिगळाखाली फुगा होऊन बसते. म्हणून प्रत्येक ओळीआधी तळहाताने कापड बाहेरच्या बाजूला सारवल्यासारखं सपाट करायचं.

“पेराला तीन,” आज्जी म्हणाल्या. बोटाच्या एका पेराइतक्या लांबीत तीन टाके. नातीने दोन घातले. “लांब टाक्यात पायाची बोटं अडकत्यात. उठताना फाटतंय मग.” तिने पुढे नेटाने चार घातले. “चार नगं. दोरा सपतोय आन् डोळं बी.”

खरं काम चाललेलं असतं ते कापडाखाली. उजवा हात सुई चालवतो तो सगळ्यांना दिसतो, पण आज्जींच्या डाव्या हाताची तर्जनी सतत कापडाच्या पोटाखाली असते. सुईचं टोक तिला टोचलं की समजायचं, सगळे थर टाक्यात आले. मग लगेच टोक वर. अंगुस्तान त्या घालत नाहीत, खालच्या बोटाला तर नाहीच, कारण त्याने टोक कळत नाही. त्या बोटाचं शेंड्याकडचं कातडं राठ झालंय, त्यावर बारीक काळसर ठिपके आहेत. वाकळेची वरची नक्षी पाहून कौतुक करणारे पुष्कळ भेटतात. ते बोट पाहायला हवं.

शहरातल्या शिवणवर्गात नऊ तुकड्यांचा चौकोन शिकवतात त्याची रीत वेगळी. साडेतीन इंचांचे नऊ चौकोन कापायचे, पाव इंच शिवण सोडून मशीनवर जोडायचे, की साडेनऊ इंचांचा नेटका ठोकळा तयार. थर नंतर लावतात आणि धावदोरा त्यानंतर. वाकळेत ठिगळ जोडणं आणि थर शिवणं एकाच टाक्यात होतं. उत्तर कन्नडमधल्या यल्लापूर-हल्याळकडच्या सिद्दी समाजाच्या बायका त्यांची गोधडी, कवंडी, अशीच कडेकडून मधे शिवत नेतात. वर चारी कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची ‘फुलं’ लावतात; त्यांच्याशिवाय कवंडी पुरी होत नाही.

वाकळेला कापड पुरवलं ते नऊवारीने. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास. त्याचे चार सारखे तुकडे केले आणि दोन-दोन शेजारी जोडले की मोठ्या वाकळेच्या खालच्या-वरच्या दोन्ही बाजू एका लुगड्यात निघतात. आता आज्जींच्या वयाच्या बायका सोडल्या तर सुती लुगडं नेसतंय कोण? गाठोड्यात येतात त्या बहुतेक घसरणाऱ्या साड्या. कापडासारखीच मजुरीचीही अडचण. वाकळ शिवून घेणारे मजुरी वाकळेमागे ठरवतात, तासामागे नाही. बायकांच्या रिकाम्या वेळेचं काम म्हणून ती कमीच ठरते. पेराला तीन या हिशोबाने एका हातभर ओळीत पन्नासच्या आसपास टाके पडतात, आणि वाकळेत अशा ओळी बोट-बोट अंतरावर चौफेर असतात. हे मोजून पाहिलं तर त्या मजुरीला न्याय्य म्हणायला कुणाची जीभ रेटणार नाही.

मधलं ठिगळ बसलं तेव्हा नातीने बसकर उचलून आज्जींपुढे धरलं. वरून ओळी बऱ्यापैकी सरळ होत्या. आज्जींनी ते आधी उलटं केलं आणि अंगठा फिरवत नेला. एके ठिकाणी दोरा नुसता धोतरातूनच गेला होता, खालचं लुगडं सुटलं होतं. “बोट कुठं हुतं तुजं?” नात आपल्या तर्जनीकडे पाहत म्हणाली, टोचत होतं म्हणून काढलं. वीतभर ओळ उसवायची ठरली. आज्जींनी लांब दोरा तोडला, मेणावरून ओढला, ओवून दुहेरी केला आणि सुई तिच्या हातात दिली.