राउटर बंद पडला? नवा घेण्याआधी एवढं बघा



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीला गेले होते. तिथल्या एका ताईंनी दोन हजारांचं अंतर्गत कर्ज काढून चार अँटेनांचा नवा राउटर आणला होता. लावला, तरी नेट सुरू होईना. मुलीच्या परीक्षेचा फॉर्म भरायचा होता, ती रडकुंडीला आली. शेवटी कळलं की जुना राउटर चांगलाच होता. घराबाहेर फायबरची तार तुटली होती! कर्जाचा हप्ता मात्र सुरू झाला.

आता फॉर्म, शिष्यवृत्ती, हळदीचा भाव, गटाच्या नोंदी, सगळंच नेटवर आलंय. म्हणून ही माहिती प्रत्येकीला असावी.

आधी बिघाड ओळखा

फायबरची बारीक तार ज्या डब्यात जाते तो ओएनटी. तारेतून उजेडाच्या रूपात आलेलं नेट तो आपल्या कामाचं करून देतो. काही घरांत वायफाय याच डब्यात असतं, काही घरांत पुढे वेगळा राउटर जोडलेला असतो.

- ओएनटीवर 'एलओएस'चा लाल दिवा लागला, तर बिघाड बहुतेक तारेत आहे. कंपनीकडे तक्रार करा. राउटर बदलून उपयोग नाही.
- एकही दिवा लागत नसेल तर आधी बोर्ड आणि मग अडॅप्टर तपासा. दुसरा अडॅप्टर घेताना व्होल्ट जुन्याइतकेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील. पिनही तशीच पाहिजे.
- ओएनटीच खराब झाला तर बाजारातून आणू नका. त्याचा नंबर कंपनीकडे नोंदवावा लागतो. डबा कंपनीचा असेल तर बदलून मागा.
- ओएनटीचे दिवे ठीक आहेत, पण मोबाइलमध्ये वायफायचं नावच येत नाही किंवा सारखं जातं-येतं? एकदा बंद करून पुन्हा चालू करा. तरी तेच होत असेल, तर राउटर बदलायची वेळ आली.

कोणता घ्यावा?

दुकानात सांगा, "फायबरच्या ओएनटीला जोडायचा राउटर द्या." सिमवर चालणारा वेगळा असतो आणि जुन्या टेलिफोन तारेवरचाही वेगळा. चुकीचा आणला तर पैसे वाया.

अँटेना मोजून राउटर घेऊ नका. राउटर दोन लहरींवर चालतात. 2.4 गिगाहर्ट्‌झची लहर लांब जाते, भिंतीतूनही बऱ्यापैकी जाते. 5 गिगाहर्ट्‌झची जास्त वेगवान, पण लवकर विरते. दोन खोल्या, तीन-चार मोबाइल आणि 30–40 एमबीपीएसचा प्लॅन असेल तर फक्त 2.4 चा साधा राउटरही चालतो. मुलं व्हिडिओवर शिकत असतील किंवा शेजारीपाजारी बरीच वायफाय असतील, तर दोन्ही लहरींचा, म्हणजे 'ड्युअल बँड' घ्या. आणि लक्षात ठेवा, प्लॅन 40 चा असेल तर महागड्या राउटरमधूनही 40 च मिळणार.

पक्कं बिल आणि वॉरंटी घेतल्याशिवाय दुकानातून निघू नका.

लावताना

जुना राउटर काढण्याआधी जोडणी देणाऱ्याला विचारा, नव्यात युजरनेम-पासवर्ड टाकावा लागतो का? लागत असेल तर वहीत लिहून घ्या. वायफायचा पासवर्ड नवा ठेवा. बारा-चौदा अक्षरांचा असावा, मोबाइल नंबर नको.

राउटर घराच्या मधोमध, उंचावर ठेवा. लोखंडी कपाटात किंवा पत्र्याला लागून ठेवला तर लहर अडते. जाड दगडमातीच्या भिंतीही अडवतात. वीज कडाडायला लागायच्या आधीच प्लग काढून ठेवा. लाइट सारखी जात असेल तर राउटरला चालणारा छोटा यूपीएस मिळतो, पण तो ओएनटीलाही लागेल.

तायांनो, गटाचं कर्ज जरूर घ्या, ते आपल्यासाठीच आहे. पण आधी दिवे बघा, मग दुकान गाठा. पुढच्या बैठकीत आपल्या राउटरच्या दिव्यांचा फोटो मोबाइलमध्ये काढून आणा. कोणता दिवा काय सांगतो ते मिळून बघू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक, सेनगाव