प्रवासी परतले, विमाने कुठे आहेत?

उडत्या अर्थकारणाची गोष्ट : लेखांक ९

२५ मे २०२० रोजी कोरोनाच्या टाळेबंदीत थांबलेली देशांतर्गत विमाने दोन महिन्यांनी पुन्हा उडू लागली, तेव्हा राज्य सरकारने मुंबईला दिवसाकाठी २५ उड्डाणे आणि २५ आगमने एवढीच परवानगी दिली होती. एरवी मुंबईच्या धावपट्टीवर एवढी ये-जा साधारण तासाभरात उरकते. तीन दिवसांनी, २८ मे रोजी, मुंबईहून रांचीला एक विमान गेले. त्यात झारखंडचे सुमारे पावणेदोनशे स्थलांतरित मजूर आणि त्यांची कुटुंबे होती. तिकिटांचे पैसे बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलच्या माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून भरले होते. कंपन्यांचे संचालक, सल्लागार, अधिकारी घरी लॅपटॉपसमोर बसले होते आणि आयुष्यात कधी विमानतळाची पायरी न चढलेली माणसे आकाशात होती.

गेल्या आठवड्यात आपण पाहिले, की विमान जमिनीवर उभे असले तरी कंपनीचा खर्च थांबत नाही. आज वळूया प्रवाशांकडे. साथ ओसरल्यावर मागणी कधी आणि कशी सावरते? २०२० मध्ये या प्रश्नावर तज्ज्ञ मंडळी इंग्रजी अक्षरे गिरवत बसली होती. कोणी म्हणे आलेख 'व्ही'सारखा होईल, कोणी 'यू'सारखा, निराशावादी 'एल'वर ठाम. या भाकितांचा पाया कच्चा होता, कारण त्यांनी मागणी ही एकच गोष्ट धरली होती. विमानाच्या तिकिटामागे निदान तीन निरनिराळी माणसे असतात: आपल्या माणसांकडे निघालेला, फिरायला निघालेला आणि कामावर निघालेला. तिघांच्या अडचणी वेगळ्या, त्यामुळे तिघांचे परतणेही वेगळे.

पहिला प्रवासी सर्वांत चिवट. आईचे आजारपण, बहिणीचे बाळंतपण, नोकरी गेल्यावर गावी परतणे ही कामे पुढे ढकलता येत नाहीत. मे-जून २०२० मध्ये महानगरांतून पाटणा, रांची, गुवाहाटीकडे जाणारी विमाने भरत होती आणि परतीची बरीचशी रिकामी येत होती. काही आठवड्यांत पारडे फिरले. बांधकाम व्यावसायिक आणि कारखानदार स्वतः तिकिटे काढून मजुरांना परत आणू लागले. आखातातल्या आणि अमेरिकेतल्या भारतीयांसाठी ७ मेपासून 'वंदे भारत' मोहिमेची विमाने सुरू झाली होतीच.

मग भीतीचे काय? भीती होती. मधल्या सीटवरून मुंबई उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेला. मधली सीट रिकामी ठेवता येत नसेल तर त्या प्रवाशाला अंगभर झगा द्या, असा आदेश नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने काढला. पांढऱ्या झग्यातला मधला प्रवासी आणि दोन्ही बाजूंना साध्या कपड्यांतले शेजारी, हा त्या काळातला विमानातला नेहमीचा देखावा. पण भीती लोकांच्या अंदाजापेक्षा फार लवकर विरते, हे आपल्याच आकडेवारीत दिसते. दुसऱ्या लाटेत, मे २०२१ मध्ये, देशांतर्गत प्रवासी २१ लाखांवर घसरले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ते १ कोटी १२ लाख झाले. ओमायक्रॉनच्या तिसऱ्या लाटेत, जानेवारी २०२२ मध्ये, पुन्हा ६४ लाख, आणि मार्च २०२२ मध्ये १ कोटी ७ लाख. दुसऱ्या लाटेनंतर महिन्याला कोटीभर प्रवासी दिसायला सहा महिने लागले, तिसरीनंतर दोन पुरले.

माझ्या मते प्रवाशाला खरा अडवणारा होता नियम, आणि त्याहून अधिक, उद्या नियम काय असेल याची अनिश्चितता. नोव्हेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राने दिल्ली, राजस्थान, गुजरात आणि गोव्याहून येणाऱ्या विमान प्रवाशांना ७२ तासांच्या आतली आरटी-पीसीआर चाचणी सक्तीची केली. आदेश निघाला २३ तारखेला, लागू झाला २५ला. दिवाळीच्या सुट्टीत गोव्याला गेलेल्या कुटुंबाने काय करायचे? चौघांच्या चार चाचण्या, त्यांचा खर्च, वेळेत अहवाल मिळण्याची धाकधूक, आणि एकाचा जरी अहवाल 'पॉझिटिव्ह' आला तरी चौघांचा प्रवास बोंबलला. तिकीट स्वस्त करून हा अडसर दूर होत नाही.

हे सगळ्यांत स्वच्छ दिसते ते सिंगापूरमध्ये. त्या देशाला देशांतर्गत विमानप्रवासच नाही, त्यामुळे सीमा बंद झाली की सगळेच बंद. चांगी विमानतळावरून २०१९ मध्ये ६ कोटी ८३ लाख प्रवासी गेले-आले. एप्रिल २०२० या अख्ख्या महिन्यात आले-गेले सुमारे २५ हजार. लस हातात असलेले २०२१ हे वर्ष तर २०२०पेक्षाही वाईट गेले: ३० लाख. मग १ एप्रिल २०२२ पासून लसीकरण झालेल्यांना विलगीकरणाशिवाय प्रवेश मिळू लागला आणि त्या वर्षाचा आकडा ३ कोटी २२ लाखांवर गेला. मागणी मेली नव्हती, दाराबाहेर उभी होती. उलट अमेरिकेत, जिथे देशांतर्गत बाजार अवाढव्य आहे, १४ एप्रिल २०२० रोजी विमानतळांच्या सुरक्षा तपासणीतून दिवसभरात जेमतेम ८७ हजार लोक गेले होते. आदल्या वर्षी त्याच दिवशी २२ लाख. जून २०२१ मध्ये तिथे दिवसाला २० लाखांचा टप्पा ओलांडलाही गेला. चीनने देशांतर्गत प्रवासात २०२० मध्येच आघाडी घेतली आणि २०२२च्या कडक निर्बंधांत ती गमावली. साथ एकच असली तरी प्रत्येक देशाचा आलेख तिथल्या सरकारी आदेशांनी काढला.

दुसरा प्रवासी म्हणजे पर्यटक. तो नाहीसा होत नाही, वाट बदलतो. २०२०च्या डिसेंबरात रशिया आणि ब्रिटनची चार्टर विमाने नसतानाही गोवा देशी पर्यटकांनी गजबजला होता. युरोपचे दार बंद म्हणून अनेकांनी मालदीव गाठले. त्या देशाने १५ जुलै २०२० रोजीच सर्वांसाठी दरवाजे उघडले होते, आणि त्या वर्षी तिथे सर्वाधिक पर्यटक भारतातून गेले. फक्त हा प्रवासी आता तिकीट दोन महिने आधी काढेना, दोन-चार दिवस आधी काढू लागला. कंपन्यांच्या भाडे ठरवणाऱ्या संगणकांची त्यामुळे पंचाईत झाली. गेल्या वर्षी या तारखेपर्यंत किती जागा विकल्या होत्या, यावर ते आजचा भाव काढतात, आणि गेले वर्ष हिशेबात धरण्यासारखे राहिलेच नव्हते.

भारतात भाव ठरवण्याचे स्वातंत्र्यही उरले नव्हते. उड्डाणाला लागणाऱ्या वेळेनुसार सात टप्पे पाडून सरकारने किमान आणि कमाल भाडे बांधून दिले. मुंबई-दिल्लीला सुरुवातीला ३,५०० ते १०,००० रुपये. कमाल मर्यादा समजण्यासारखी आहे, गरजूंची लूट होऊ नये. किमान मर्यादा मात्र प्रवाशासाठी नव्हतीच. बलाढ्य कंपनीने भाव पाडून दुबळ्या कंपन्यांना संपवू नये, म्हणून ती होती. मंदीत गिऱ्हाईक परत आणायचा सर्वांत जुना उपाय म्हणजे भाव उतरवणे, आणि तोच हातातून काढून घेतला गेला. ही बंधने ३१ ऑगस्ट २०२२ पर्यंत टिकली. त्यानंतर वर्ष उलटायच्या आत गो फर्स्ट या विमान कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, मे २०२३ मध्ये. तोवर प्रवाशांचा तुटवडा नव्हता. कंपनीचे म्हणणे होते की इंजिनांअभावी तिची निम्मी विमाने उभी आहेत. या इंजिनांकडे पुन्हा यायचे आहे.

तिसरा प्रवासी, कामावर निघालेला, संख्येने थोडा पण कंपन्यांचा लाडका. ऐनवेळी तिकीट काढतो, भाव बघत नाही, बिल दुसरे कोणी भरते. नोव्हेंबर २०२० मध्ये बिल गेट्स म्हणाले होते की व्यवसायानिमित्तचा निम्म्याहून अधिक प्रवास कायमचा जाईल. तसे घडले नाही. गेले ते कंपनीच्याच दुसऱ्या कार्यालयात बैठकीला जाणे. नवे गिऱ्हाईक धरायला, यंत्र बसवायला, करार करायला माणूस अजूनही जातोच, कारण प्रतिस्पर्धी गेलेला असतो. पण महागाई वजा करून पाहिले तर या प्रवासावरचा जगभरचा खर्च जुन्या पातळीला यायला सर्वांत जास्त रेंगाळला.

आता भाकितांचा हिशेब. २००३च्या सार्स साथीत आशियातला विमानप्रवास काही महिन्यांत सावरला होता, म्हणून २०२०च्या वसंतात पुष्कळांना तेच अपेक्षित होते. जुलै २०२० मध्ये 'आयटा' या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेने अंदाज दिला की २०१९ची पातळी २०२४ मध्ये गाठली जाईल. २०२० मध्ये जगाचा विमानप्रवास, प्रवासी-किलोमीटरमध्ये मोजला तर, ६६ टक्क्यांनी कोसळला. आणि खरोखरच २०२४ हे पूर्ण वर्ष २०१९च्या ३.८ टक्के वर संपले. अंदाज अचूक! पण दिलेली कारणे पाहा: विषाणू आटोक्यात यायला लागणारा वेळ, कंपन्यांचे आखडलेले प्रवासखर्च, ग्राहकांचा डळमळीत विश्वास. शेवटच्या दोन वर्षांत वाट अडवली ती यांनी नाही. उत्तर बरोबर आले, गणिताच्या पायऱ्या निराळ्याच होत्या.

२०२२च्या उन्हाळ्यात युरोपात प्रवासी लोंढ्याने आले आणि सामान चढवायला माणसे नव्हती. साथीत कमी केलेले कर्मचारी दुसऱ्या धंद्यात रुळले होते, आणि विमानतळावर नव्या माणसाची पार्श्वभूमी तपासायलाच आठवडे जातात. लंडनच्या हीथ्रो विमानतळाने जुलैत दिवसाला एक लाख प्रस्थान करणाऱ्या प्रवाशांची मर्यादा घातली आणि कंपन्यांना सांगितले, आणखी तिकिटे विकू नका. अमेरिकेच्या डेल्टा या विमान कंपनीने तर एक भलेमोठे विमान एकाही प्रवाशाशिवाय, फक्त राहिलेल्या हजार बॅगा भरून हीथ्रोहून डेट्रॉइटला नेले.

माणसे वर्षभरात मिळाली, विमाने मिळाली नाहीत. साथीत ब्रिटिश एअरवेजने सगळी बोइंग ७४७ मोडीत काढली, एअर फ्रान्सने ए३८०. कारखान्यांनी उत्पादन कापले, सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या कंपन्यांनी कारागीर घालवले. त्यात जुलै २०२३ मध्ये, गो फर्स्टलाही इंजिने पुरवणाऱ्या प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांतल्या धातूच्या भुकटीत दोष निघाला, आणि तपासणीसाठी जगभर शेकडो विमाने उभी करावी लागली. इंडिगोची सत्तरेक विमाने एका वेळी जमिनीवर होती.

मग भारत सावरला असे म्हणायचे का? २०१९ मध्ये देशांतर्गत प्रवासी १४ कोटी ४२ लाख होते. २०२० मध्ये ६ कोटी ३० लाख, २०२२ मध्ये १२ कोटी ३२ लाख, २०२३ मध्ये १५ कोटी २० लाख. म्हणजे तीन-साडेतीन वर्षांत खड्डा बुजला आणि मंत्रालयाने समाधान व्यक्त केले. पण आणखी मागे जाऊन पाहा. २०१४ मध्ये हा आकडा ६ कोटी ७४ लाख होता. पुढच्या पाच वर्षांत तो दुपटीहून अधिक झाला. २०१९ ते २०२४ या पाच वर्षांत मात्र तो १६ कोटी १३ लाखांपर्यंतच गेला, वाढ जेमतेम १२ टक्के. जुनी पातळी गाठणे आणि जुनी वाट गाठणे यांत हा एवढा फरक आहे. मधल्या काळात जे पहिल्यांदा विमानात बसले असते ते रेल्वेने गेले, किंवा गेलेच नाहीत.

ही दरी भरायला विमानांची मागणी नोंदवली गेली आहे. एअर इंडियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७०, इंडिगोने त्याच वर्षी जूनमध्ये एका फटक्यात ५००. पण इंडिगोची ही पाचशे विमाने यायची आहेत २०३० ते २०३५ या काळात. तोवर भाड्याची विमाने आणायची, हा मार्ग कंपन्यांनी धरला. इंडिगोने इस्तंबूलच्या उड्डाणांसाठी टर्किश एअरलाइन्सची बोइंग ७७७ वैमानिकांसकट घेतली. विमान दुसऱ्याचे, वैमानिक दुसऱ्याचा आणि तिकीट आपले, हा व्यवहार परवडतो कसा, त्याचा हिशेब पुढच्या आठवड्यात मांडू.