शार्डोनेच्या जोडीला काय रांधाल?

मैत्रिणींनो, जेवायला येताना ‘ह्यां’च्या साहेबांनी शार्डोनेची बाटली आणली, तर ‘सोबत काय करायचं?’ हा घोर घरच्या बाईलाच!

ही द्राक्षं मूळची फ्रान्समधल्या बर्गंडीची. तिथल्या मर्सो गावात त्यांचा रस ओकच्या लाकडी पिंपात आंबवून महिनोन् महिने मुरवतात. लाकडाने व्हॅनिलाचा वास येतो, आंबटपणा निवून लोण्यासारखी चव उतरते. म्हणून जोडीलाही लोणी-सायच शोभते: लोण्यात परतलेली कोळंबी, भाजलेली कोंबडी, सायीतली अळंबी. झणझणीत रस्सा मात्र नको हं! मद्याने तिखट अधिकच भाजतं. बाटली बर्फगार केलीत तर वास दडतो. १० ते १३ अंश पुरे.

आणि स्वतःला प्यायची नसेल, तर हसून ‘नको’ म्हणावं. पाहुणचार ताटात असतो, पेल्यात नव्हे!