कोंडा किती काढायचा?

2025 साली 22 सप्टेंबरला गाड्यांवरचा जीएसटी उतरला, तेव्हापासून धनत्रयोदशीपर्यंत शोरूमसमोर लागलेल्या रांगांच्या बातम्या तुम्ही वाचल्याच असतील, त्यात मी भर घालत नाही. मला रस आहे तो बिलाच्या खालच्या ओळींत. छोट्या गाडीवरचा कर 28 वरून 18 टक्क्यांवर आला, उपकरही गेला, आणि वाचलेल्या पैशांचा एक लचका किल्ली हातात पडायच्या आधीच 'टेफ्लॉन', 'सिरॅमिक', 'पेंट प्रोटेक्शन' अशा नावांनी तिथल्या तिथे परत जातो. ज्यांनी नवी घेतली नाही त्यांची निराळी गंमत. शेजाऱ्याच्या अंगणात कोरी गाडी उभी राहिली की आपली सहा वर्षांची गाडी एका रात्रीत म्हातारी दिसायला लागते. मग 'रबिंग-पॉलिश कुठं चांगलं करतात?' अशी विचारपूस सुरू होते.

नाकाडोंगरीत ही विचारपूस जरा जास्तच होते, कारण गाव धुळीचं आहे. भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्याच्या उत्तरेच्या टोकाला, मध्य प्रदेशच्या सीमेलगत हे गाव. जवळच डोंगरी बुजुर्गची मँगनीजची उघडी खाण, मॉइल कंपनीची. लहानपणी टॉर्चचा संपलेला सेल दगडाने फोडून आतली काळी भुकटी हाताला फासलेली ज्यांना आठवते, त्यांनी या खाणीची ओळख अंगाला लावून घेतलेली आहे. इथल्या खनिजातलं मँगनीज डायऑक्साइड तशाच सेलमध्ये जातं. गाडी दोन दिवस रस्त्याकडेला उभी राहिली की बॉनेटवर बोटाने नाव लिहिता येतं. त्यामुळे पॉलिशला इथे गिऱ्हाईक कमी नाही.

माझी तक्रार मात्र पॉलिश या शब्दाशीच आहे. बुटाला पॉलिश म्हणजे वरून काहीतरी लावणं. लाकडी कपाटाला लाखेचं पॉलिश म्हणजेही थरावर थर चढवणं. लाख तर आपल्याच जंगलातल्या पळसावर पिकते. त्यामुळे गाडीला पॉलिश म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे काहीतरी चढवलं जातंय असंच येतं. जितक्या वेळा करू तितकी गाडी जाड, तितकी सुरक्षित. मी स्वतः कित्येक वर्षं हेच समजत होतो, आणि त्याची किंमत मोजली. ती हकिगत पुढे येईल.

पण भंडारा जिल्ह्यात पॉलिशचा आणखी एक अर्थ घरोघरी ठाऊक आहे, तो तांदळाचा. धान मिलवर गेलं की आधी तूस निघतं, मग तांबूस तांदूळ पॉलिशरमध्ये जातो, तिथे कोंडा निघतो आणि खाली पांढरा दाणा पडतो. त्या दाण्याला कोणी काही लावलेलं नसतं. जे होतं त्यातलं काढलेलं असतं. गाडीचं मशीन पॉलिश बुटाच्या गोत्रातलं नाही, तांदळाच्या गोत्रातलं आहे. एवढं डोक्यात पक्कं बसलं तर या लेखाचा उरलेला भाग नाही वाचला तरी चालेल.

हे साम्य नुसतं शब्दापुरतं नाही. जुन्या धाटणीच्या राइस मिलमध्ये पॉलिशरच्या पोटात जो शंकूसारखा दगड फिरतो, त्यावर एमरीचा खरखरीत थर असतो. एमरी म्हणजे कुरुंद, त्यात थोडं लोखंडाचं खनिज मिसळलेलं. कुरुंद म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड. आणि गाडीच्या रबिंग कंपाउंडच्या डब्यात सर्रास असणारे कण? तेही ॲल्युमिनियम ऑक्साइडचेच, फक्त मैद्याहून बारीक. सुरीला धार लावणाऱ्याच्या चाकात तेच. माणिक म्हणून अंगठीत मिरवतं ते लाल कुरुंदही तेच. कठीणपणाच्या मोहस मापावर कुरुंद 9 वर बसतं, त्याच्यावर फक्त हिरा. गाडीच्या रंगाची त्यापुढे काय कथा!

मिलवाल्यांशी बोलताना एक गोष्ट जाणवते. पॉलिश किती मारायचं हा त्यांच्या धंद्यातला रोजचा सवाल असतो. कमी मारलं तर तांदूळ काळपट दिसतो, बाजारात भाव पडतो. जास्त मारलं तर दाणा तुटतो, कणी वाढते, वजन कोंड्यात जातं. चांगला ऑपरेटर दर थोड्या वेळाने खालून मूठभर दाणे घेतो, तळहातावर पसरतो, उजेडात बघतो आणि दाब कमी-जास्त करतो. मूठ उजेडात धरून बघायची ही सवय गाडी पॉलिश करणाऱ्या किती जणांत आहे?

जास्त पॉलिशने काय होतं याचा दाखला तर नोबेल पारितोषिकापर्यंत गेलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर आइकमन नावाच्या डच डॉक्टरच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्या लंगडायला लागल्या. शोध घेता कळलं, की त्यांना मधल्या काळात लष्करी इस्पितळातला उरलेला पांढरा, पॉलिशचा भात घातला जात होता. नवा आचारी आला, त्याने लष्कराचा भात कोंबड्यांना द्यायला नकार दिला, साधा तांदूळ सुरू झाला आणि कोंबड्या चालायला लागल्या. कोंड्यात काहीतरी मोलाचं होतं. पुढे ते जीवनसत्त्व ब-1 म्हणून ओळखलं गेलं आणि 1929 साली आइकमनना नोबेल मिळालं. दाणा दिसायला जितका देखणा तितका आतून उघडा, ही गोष्ट आपल्याला भातात कळली. गाडीत अजून कळायची आहे.

आता गाडीचा 'कोंडा' बघू. वर्तमानपत्राच्या पुरवणीचा कागद साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले सत्तर. कारखान्यातून आलेल्या गाडीचा पत्र्यावरचा सगळा रंग मिळून शंभर-सव्वाशे मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे दीड-पावणेदोन पानं. त्यात सगळ्यात खाली गंजविरोधी थर, मग प्रायमर, मग खरा रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक थर, ज्याला आपले मिस्त्री लॅकर म्हणतात. हा वरचा थर 35 ते 50 मायक्रॉन. अर्ध्या-पाऊण पानाएवढा. चकाकी याची, आणि खालच्या रंगाला उन्हापासून वाचवणारी रसायनंही यातच. आपल्या उन्हाळ्यात पारा 45च्या वर जातो तेव्हा तो झेलणारा हाच कागद.

जुन्या अँबेसिडर, पद्मिनीला हा थर नव्हता. पॉलिश करताना फडक्याला गाडीचाच रंग लागायचा आणि जुने ड्रायव्हर हात आखडता घ्यायचे, काय जातंय ते डोळ्यांना दिसायचं. आता पारदर्शक थर घासला जातो तेव्हा फडक्यावर पांढुरकं कंपाउंड तेवढं दिसतं. जाणारा माल दिसत नाही, म्हणून कोणाला त्याचं दुःखही नाही.

चरा जातो कसा, तर भरून नाही. चऱ्याच्या आजूबाजूची जमीन खाली आणून त्याच्या तळाच्या पातळीला नेली जाते. काठ उरला नाही की उजेड विस्कटत नाही आणि डोळ्याला आरसा दिसतो. शेतातली उंच बांधी खालच्या बांधीच्या पातळीला आणावी तसं. म्हणून साधा नियम: नख फिरवलं आणि अडकलं, तर तो चरा पॉलिशचा नाही, पेंटरचा आहे. तो काढायचा हट्ट धरला तर सबंध शेतच खोल करावं लागेल. कडक कंपाउंडचा एक पुरा हात दोन-चार मायक्रॉन नेतो, बारीक पॉलिशचा त्याहून खूप कमी. गाडीच्या आयुष्यात असे कडक हात मोजकेच परवडतात. दर दिवाळीला एक हा हिशोब बसत नाही.

मशीनचं बघा. रोटरी म्हणजे एकाच आसावर गरगर फिरणारं मशीन. जोर भारी, काम झटपट, आणि एका जागी क्षणभर जास्त टेकलं की उष्णता चढते. कसलेल्या हातात ते सोनं आहे, पण नवख्याच्या हातात ते रंगावर तेलाच्या तवंगासारखे फराटे सोडतं, जे सावलीत दिसत नाहीत आणि दुपारी पेट्रोल पंपावर उभं राहिलं की सगळ्या गावाला दिसतात. दुसरं ड्युअल ॲक्शन, सगळे 'डीए' म्हणतात. त्यात पॅड स्वतःभोवती फिरतो आणि त्याच वेळी आस सोडून 8, 15 किंवा 21 मिलिमीटरचा झोकाही घेतो. पृथ्वी फिरते तसं. जोर कमी, वेळ जास्त, पण चुकायला वाव कमी. फार दाबलं तर पॅड फिरायचाच थांबतो. मशीन आपणहून 'पुरे' म्हणतं, हा गुण माणसांतही दुर्मिळ. घरी शिकायचं असेल तर डोळे मिटून डीए घ्या, असं माझं ठाम मत आहे. रोटरीवाले चिडतील, चिडू देत.

तिसरं मशीन कुठल्याच पुस्तकात नाही पण रस्त्याकडेला सर्रास दिसतं: वेल्डिंगवाल्याचा चार इंची ग्राइंडर, त्याला फोमचा पॅड लावलेला. पॉलिशिंगच्या मशीनचा वेग मिनिटाला सहाशे ते तीन हजार फेऱ्यांच्या दरम्यान ठेवता येतो. साधा ग्राइंडर रिकामा फिरताना अकरा हजारांच्या घरात असतो. माझी काळी गाडी अशाच एका मशीनखाली गेली होती. दुकान कुठलं ते सांगत नाही. बॉनेट आरशासारखं झालं, मी खूश होऊन पैसे दिले. दुसऱ्या दिवशी धुताना बॉनेटच्या मधल्या उठावाच्या कडेवर बोटभर लांबीचा राखाडी पट्टा दिसला. लॅकर गेलं, रंग गेला, खालचा प्रायमर हसत होता. कडेवर पॅडचा सगळा दाब एका रेषेत येतो, आणि थरही तिथे बहुधा पातळच असतो. म्हणून जाणते लोक काम सुरू करायच्या आधी कडांना मास्किंग टेप लावतात. ज्या दुकानात टेपचा रोल दिसत नाही तिथून गाडी वळवून घ्या, असं मी आता ओळखीच्यांना सांगतो.

बाकी रीत फार गूढ नाही. आधी भरपूर पाण्याने धुणं, मग क्ले नावाच्या कणकेसारख्या गोळ्याने रंगात रुतलेले कण उचलणं. गाडी सावलीत, पत्रा गार. एका वेळी दोन फूट बाय दोन फुटांचा चौकोन, आधी आडवं मग उभं, सावकाश. सगळ्यात सौम्य पॅड आणि सौम्य पॉलिशने एका कोपऱ्यात करून बघायचं. तेवढ्याने भागलं तर कडक डबा उघडायचाच नाही. आणि शेवटी स्पिरिटने पुसून उजेडात बघायचं, कारण पॉलिशमधलं तेल चऱ्यांमध्ये बसून त्यांना झाकतं आणि दोन धुण्यांत सगळे चरे माहेरून परत येतात. मिलवाल्याची मूठ ती हीच.

पण चरे येतात कुठून? उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल वर्तुळं दिसतात, त्यावरून लोकांना वाटतं गोल गोल पुसल्याने ती आली. खरं म्हणजे चरे सगळ्या दिशांना असतात. उजेडाच्या वाटेला आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती त्यांचं रिंगण दिसतं. आणि ते आणतो सकाळचा कोरडा फडका. रस्त्याची वाळू मोहस मापावर 7, मँगनीजचं ब्राउनाइट नावाचं खनिज 6च्या वर. ती धूळ कोरड्या कापडाखाली धरून रोज सकाळी गाडीवर फिरवणं म्हणजे पॉलिश पेपरच मारणं. आधी पाणी ओता, मग हात लावा. पाणी नसेल तर धुळकट गाडीत बसून जा, त्यात कमीपणा काय? मशीन, पॅड, कंपाउंड यांचा सगळा बाजार या एका फडक्यावर उभा आहे.

वॅक्स मात्र खरंच बुटाच्या गोत्रातलं. कार्नौबा हे ब्राझीलच्या एका ताडजातीच्या पानांवरचं मेण. चांगल्या बूट पॉलिशच्या डबीतही ते असतं. मधमाशीचं मेण 62-64 अंशांना वितळतं, कार्नौबा 80च्या वर, म्हणून मे महिन्यातल्या तापलेल्या पत्र्यावर ते तग धरतं. तरीही काही आठवड्यांचाच पाहुणा. ते चरा काढत नाही, त्याच्यावर पांघरूण घालतं, पाणी-चिखल चिकटू देत नाही. पातळ हात पुरतो, जाड थापून फायदा शून्य.

शोरूमच्या टेफ्लॉनबद्दल एवढंच विचारा, की हे नेमकं चिकटतं कशाने? टेफ्लॉनचा वितळणबिंदू 327 अंश. तव्यावर तो बसवताना भट्टीत त्याहून जास्त तापवतात. गाडीला तशी भट्टी दाखवली तर टायरसकट धूर निघेल. सिरॅमिकमध्ये दम आहे, ते वॅक्सपेक्षा टिकतं हे मान्य. पण '9 एच' हा आकडा ऐकून लोक त्याला हिऱ्याच्या खालोखाल समजतात, आणि सेल्समन तो गैरसमज प्रेमाने जपतो. ते 9 मोहसचं नाही, पेन्सिलीचं आहे. 9 एचच्या पेन्सिलीने रेघ उठली नाही, एवढाच त्याचा अर्थ. वाळूचा कण पेन्सिल नसतो.

धनत्रयोदशीला घेतलेल्या नव्या गाड्यांच्या बॉनेटवर हळदीचं स्वस्तिक असतं. पांढऱ्या गाडीवर ते दोन दिवसांनी धुतलं तरी पिवळा ठसा उरतो आणि नवा मालक घाबरून कंपाउंड शोधतो. गाडीचा पहिला कोंडा असा आठवड्याच्या आत जातो. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही. साबणाच्या पाण्याने धुवा आणि गाडी उन्हात उभी करा. बाजारच्या रंगीत गुलालाचं मात्र सांगता येत नाही, तो तिथे लावूच नका.