एका मोसमाचे ३० गोल आणि सात वर्षांचा करार

माझी मावसबहीण टोरांटोजवळ राहते. तिचा नवरा, म्हणजे आमचे जिजू, टोरांटो मेपल लीफ्स या आइस हॉकी संघाचे पक्के चाहते. मोसम संपला की दर उन्हाळ्यात फोनवर त्यांचा एकच विषय असतो : "यंदा फॉरवर्ड लाइनसाठी कुणाला आणायला हवं?" मी बर्फावर कधी उभीही राहिलेली नाही. पण एकदा त्यांनी डेव्हिड क्लार्कसनची गोष्ट सांगितली आणि मी फोन ठेवून वहीत आकडे मांडत बसले. कारण तशीच चूक मी लॅबमध्ये केली होती आणि त्यात माझे सात महिने गेले होते.

ज्यांना रिसर्चमध्ये यायचंय त्यांनी ही गोष्ट जरूर समजून घ्यावी. हॉकीत तिची किंमत डॉलरमध्ये मोजतात, आपल्याकडे फेलोशिपच्या महिन्यांत.

आधी खेळापुरतं थोडं

आपण शाळेत पाहतो ती मैदानी हॉकी वेगळी. इथे बर्फावर गोलकीपर सोडून पाच जण असतात : दोन बचावपटू आणि तीन फॉरवर्ड (मध्ये सेंटर, दोन बाजूंना विंगर). या तिघांच्या जोडणीला 'लाइन' म्हणतात. खेळ इतका दमवणारा असतो की एक लाइन पाऊण मिनिटभर खेळून बाहेर येते आणि दुसरी आत जाते. त्यामुळे सामन्यासाठी चार लाइन, म्हणजे बारा फॉरवर्ड लागतात. या गोष्टीतल्या वर्षांत उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल लीगमध्ये मोसमात प्रत्येक संघ साधारणपणे ८२ सामने खेळायचा.

ऑफसीझनमध्ये लाइन मजबूत करायचे मुख्य मार्ग चार. करार संपलेला 'फ्री एजंट' विकत घ्यायचा. दुसऱ्या संघाशी अदलाबदल करायची. ड्राफ्टमधून तरुण पोरं घेऊन ती तयार होईपर्यंत थांबायचं. किंवा आहेत त्याच खेळाडूंच्या जागा बदलायच्या. या सगळ्यावर 'सॅलरी कॅप' असतो, म्हणजे संघाच्या एकूण पगाराची कमाल मर्यादा. २०१३-१४ मध्ये ती ६ कोटी ४३ लाख डॉलर होती. एकाला जास्त दिलं की दुसऱ्याला कमी, हा साधा हिशोब.

पहिला मार्ग : विकत घेणे

क्लार्कसन न्यू जर्सीकडून खेळायचा. २०१०-११ मध्ये त्याने ८२ सामन्यांत १२ गोल केले. पुढच्या मोसमात ८० सामन्यांत ३०! त्यानंतरच्या, ४८ सामन्यांच्या छोट्या मोसमात १५. जुलै २०१३ मध्ये तो फ्री एजंट झाला. वय २९, मूळचा टोरांटोचाच. लीफ्सने त्याला सात वर्षांचा, वर्षाला ५२.५ लाख डॉलरचा करार दिला. म्हणजे त्या वर्षीच्या कॅपचा आठ टक्क्यांहून जास्त भाग एका विंगरवर.

पहिल्या मोसमात त्याने ६० सामन्यांत ५ गोल केले.

जिजू म्हणतात, "दबाव झेपला नाही त्याला." असेलही. पण त्याआधी एक गणित करूया.

समजा एका फॉरवर्डची खरी क्षमता अशी आहे की त्याच्या १०० शॉटपैकी १० गोल होतात. मोसमात तो २०० शॉट मारतो. सरासरी अपेक्षा २० गोलांची. पण प्रत्येक शॉट हा नाणं उडवण्यासारखाच, फक्त नाणं एका बाजूला खूप झुकलेलं. द्विपद वितरणाचं सूत्र लावलं तर प्रमाण विचलन येतं २०० × ०.१ × ०.९ या गुणाकाराचं वर्गमूळ, म्हणजे सुमारे ४.२. त्याच्या दुप्पट इकडे, दुप्पट तिकडे धरलं तर साधारण १२ ते २८ गोल. शंभरातले पंचाण्णव मोसम याच पट्ट्यात पडतील.

परत वाचा. खेळाडू तोच, मेहनत तीच, क्षमता तीच. तरी एका वर्षी १२ आणि एका वर्षी २८ गोल, हे निव्वळ योगायोगाने होऊ शकतं. १२ वाल्याला लोक "संपला" म्हणतात आणि २८ वाल्याला सात वर्षांचा करार देतात.

आता दुसरी गंमत. तेव्हा लीगमध्ये ३० संघ होते. फ्री एजंट जातो कुणाकडे? बहुतेक वेळा जो त्याची किंमत सगळ्यात जास्त लावतो त्याच्याकडे. प्रत्येकाच्या अंदाजात थोडी चूक असतेच, आणि जिंकतो तो बहुधा ज्याची चूक वरच्या बाजूला सगळ्यात मोठी आहे तो. याला 'विजेत्याचा शाप' म्हणतात. शिवाय गोल करणारे फॉरवर्ड विशीच्या मध्यावर सर्वांत भरात असतात. एकोणतिसाव्या वर्षी सात वर्षांचा करार म्हणजे उताराला लागलेली गाडी चढाच्या भावात घेणं.

दुसरा मार्ग : अदलाबदल

क्लार्कसनच्या कराराच्या आदल्याच दिवशी डॅलस संघाने बॉस्टनकडून टायलर सेगिनला घेतलं. वय २१. दोन मोसमांपूर्वी त्याने २९ गोल केले होते. पण २०१३ च्या प्लेऑफमध्ये २२ सामन्यांत फक्त १ गोल, तोही ७० शॉट मारून. बॉस्टनने त्याला सोडण्यामागे इतरही कारणं होती, पण तो १ गोल सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता.

पण ७० शॉटना १ गोल ही कुठल्याच चांगल्या फॉरवर्डची खरी टक्केवारी असू शकत नाही. तो शॉट मारण्याच्या जागी पोचत होता, पक आत जात नव्हता. शॉटची संख्या वर्षानुवर्षं बऱ्यापैकी टिकते, शॉटची टक्केवारी मात्र खूप हेलकावे खाते. मग भाव कोणत्या आकड्यावर ठरवायचा? डॅलसमध्ये पुढच्या मोसमात सेगिनने ३७ गोल केले.

थोडक्यात, अदलाबदलीचा फायदा तिथे असतो जिथे समोरचा आवाजाला सिग्नल समजलाय.

तिसरा आणि चौथा : थांबणे किंवा जागा बदलणे

ड्राफ्टचे खेळाडू साधारण अठराचे असतात. पहिल्या करारात स्वस्त, पण बहुतेकांना तयार व्हायला वर्षं लागतात, आणि अठराव्या वर्षीच्या आकड्यांवरून पंचविसाव्या वर्षीचा अंदाज बांधणं अवघडच.

जागा बदलणं सगळ्यात स्वस्त. त्याचं उदाहरण विल्यम कार्लसन. २०१६-१७ मध्ये कोलंबसकडून ६ गोल. खालच्या लाइनवर, कमी मिनिटं. २०१७ च्या उन्हाळ्यात लास व्हेगसचा नवा संघ लीगमध्ये आला. आपले दुसरे खेळाडू वाचवण्यासाठी कोलंबसने कार्लसन जाऊ दिला, वर ड्राफ्टचे हक्क दिले आणि डोक्यावरचा एक जड करारही देऊन टाकला. तो करार कुणाचा? क्लार्कसनचा! लीफ्सने तो दोन वर्षांपूर्वी कोलंबसच्या गळ्यात घातला होता. तोवर पाठीच्या दुखापतीने क्लार्कसनची कारकीर्द संपली होती, उरला होता फक्त कागद.

व्हेगसने कार्लसनला पहिल्या लाइनचा सेंटर केलं, मार्चेसो आणि स्मिथ या विंगरांमध्ये. त्या मोसमात त्याने १८४ शॉटना ४३ गोल केले. टक्केवारी २३.४! चांगले फॉरवर्ड दहा-बाराच्या आसपास असतात.

आता तुम्ही व्हेगसचे मॅनेजर आहात. ४३ गोलवाल्याला किती वर्षांचा करार द्याल?

आकड्याला खाली खेचायचं कसं

फ्रान्सिस गाल्टनने १८८६ मध्ये आई-वडील आणि मुलांच्या उंचीबद्दल लिहिताना दाखवलं की खूप उंच पालकांची मुलं उंच असतात, पण सरासरीच्या थोडी जवळ येतात. यालाच 'सरासरीकडे परतणे' म्हणतात. यात जादू नाही. टोकाचा आकडा बहुतेकदा क्षमता आणि नशीब दोन्ही जुळून आल्यामुळे टोकाला जातो. पुढच्या वेळी क्षमता राहते, नशीब मात्र नव्याने काढलेली चिठ्ठी असते.

हिशोबात ते असं आणायचं : खेळाडूच्या खऱ्या शॉटमध्ये सरासरी क्षमतेचे काही काल्पनिक शॉट मिसळायचे. उदाहरणापुरते २०० घेऊ, त्यात २० गोल. कार्लसनचे झाले ३८४ शॉटना ६३ गोल, म्हणजे १६.४ टक्के. १८४ शॉटना साधारण ३०. (किती शॉट मिसळायचे हे मनाने ठरवायचं नसतं. अनेक खेळाडूंची अनेक वर्षं पाहून, टक्केवारी किती टिकते त्यावरून काढतात.)

व्हेगसने २०१८ मध्ये त्याला फक्त एका वर्षाचा करार दिला, ५२.५ लाख डॉलरचा. क्लार्कसनइतकीच वार्षिक रक्कम, पण सात वर्षांऐवजी एक. त्या वर्षी कार्लसनने २४ गोल केले. मग २०१९ मध्ये संघाने त्याच्याशी आठ वर्षांचा करार केला. म्हणजे त्यांनी आधी आणखी एक निरीक्षण विकत घेतलं आणि मग निर्णय घेतला.

इथे एक बारकावा. तो ६ वर परतला नाही, २४ वर आला. कारण त्याची जागा, मिनिटं, जोडीदार, सगळंच बदललं होतं. परतायचं असतं ते नव्या परिस्थितीतल्या सरासरीकडे. नशीब आणि भूमिका एकाच वेळी बदलले की एका मोसमावरून ते वेगळे काढता येत नाहीत.

आणि क्लार्कसनबद्दलही घाईने निकाल देऊ नका. बदली खेळाडूंचा बाक सोडून भांडणात उतरल्याबद्दल त्याच्यावर दहा सामन्यांची बंदी आली होती, मोसमाची सुरुवातच हुकली. ५ गोल हाही एकाच मोसमाचा आकडा आहे. ३० वर विश्वास ठेवायचा नाही असं म्हणणाऱ्याने ५ वरही डोळे झाकून ठेवू नये.

माझे सात महिने

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे २४ नमुने होते. प्रत्येकाचं एकेकदा वाचन घेतलं. एकाचं वाचन बाकीच्यांच्या जवळपास दुप्पट आलं. मी आनंदाने तोच निवडला आणि पुढचं सगळं काम त्याच्यावर उभं केलं. सात महिन्यांनी सरांनी विचारलं, "पुन्हा मोजलं होतंस का?" मोजलं. तो चांगला होता, पण चोविसांत पाचवा-सहावा. चोवीस जणांच्या लिलावात सगळ्यात वरची बोली मीच लावली होती.

तेव्हापासून नमुना, पद्धत किंवा विषय निवडण्याआधी मी वहीच्या पहिल्या पानावर चार प्रश्न लिहिते. हा आकडा किती निरीक्षणांवर उभा आहे? कितीजणांतून निवडलेला आहे? यातला कोणता भाग पुढच्या वेळी टिकेल? आणि मोठा करार करण्याआधी एका वर्षाचा करार करता येईल का, म्हणजे दोन आठवडे देऊन पुन्हा मोजता येईल का? चौथ्याचं उत्तर जवळजवळ नेहमी 'हो' असतं. आपणच घाईत असतो.

क्लार्कसनचा तो कागद २०१९ मध्ये व्हेगसकडून फिरून परत टोरांटोकडेच आला. दुखापतग्रस्त खेळाडूंच्या पगाराचा कॅपमधला हिशोब वेगळा असतो, त्यात तो लीफ्सच्या उपयोगी पडला. हे सांगताना जिजू अजूनही हसतात. पण हल्ली एखाद्या नव्या विंगरचे गोल सांगितले की पाठोपाठ स्वतःच म्हणतात, "थांब, शॉट किती होते ते बघून सांगतो."