प्रवाळाची पुरणपोळी

शाळेच्या प्रयोगशाळेत हा प्रयोग तुम्ही केला असेल. परीक्षानळीत चुन्याची निवळी घ्यायची, तिच्यात नळी बुडवायची आणि हळूच फुंकायचं. बुडबुड, बुडबुड... आणि बघता बघता ती स्वच्छ निवळी दुधासारखी पांढरी! बाई सांगतात, "तुमच्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड चुन्याला भेटला आणि कॅल्शियम कार्बोनेट तयार झालं." आपण वहीत लिहून घेतो, तेवढ्यात तास संपतो.

पण जरा थांबा. आत्ता तुम्ही काय केलंत, ठाऊक आहे? स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातून दगड काढलात! शिंपला, अंड्याचं कवच, संगमरवर हे सगळं कॅल्शियम कार्बोनेटच. आणि उबदार समुद्रात एक इवलासा प्राणी दिवसरात्र हेच काम करत बसलेला असतो. त्याचं नाव प्रवाळ. मऊ पिशवीसारखं अंग, तोंडाभोवती मिशांसारख्या शुंडकांचं कडं. तो आपल्या अंगाखाली कण कण दगड रचतो आणि त्यावरच बसतो. असे असंख्य जीव पिढ्यानपिढ्या घरं बांधत गेले, म्हणून ऑस्ट्रेलियाजवळ २,३०० किलोमीटर लांबीची प्रवाळरांग उभी राहिली.

आता असे प्रवाळ कोणी घरातल्या काचेच्या टाकीत ठेवले तर? जर्मनीत, अमेरिकेत असे शौकीन पुष्कळ आहेत. चला, जर्मनीतल्या अशाच एका दिवाणखान्यात मनानं जाऊन येऊ. समोर २०० लिटरची टाकी आहे. खारं पाणी, निळसर दिवा, फांद्याफांद्यांचे प्रवाळ, त्यांच्यामधून पळणारे मासे. आपल्याला वाटतं, माशांना खाऊ टाकला की झालं. पण इथं खरी काळजी पाण्याची असते, कारण प्रवाळाच्या घराचं सगळं सामान त्या पाण्यातच विरघळलेलं आहे!

हे सामान दोन प्रकारचं. पुरणपोळीला कशी कणीक लागते आणि पुरण लागतं, तसंच. इथं कॅल्शियम ही कणीक आणि कार्बोनेट हे पुरण. एक गोळा याचा, एक गोळा त्याचा, की झाली पोळी! पाण्यात पुरण किती शिल्लक आहे, ते 'अल्कता' मोजून कळतं.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. म्हणजे आपल्या टाकीत झालं ८४ ग्रॅम. आणि पुरण? गंमत तिथंच आहे. समुद्राच्या पाण्याची अल्कता असते सुमारे ७ अंश (हे अंश तापमानाचे नव्हेत, अल्कतेचं माप आहे). हिशेब केला तर टाकीतलं सगळं पुरण संपेपर्यंत ८४ ग्रॅममधलं जेमतेम १० ग्रॅम कॅल्शियम वापरलं जातं. कणीक आठ पोळ्यांची मळलेली आणि पुरण मात्र एकाच पोळीचं! समुद्रात याचं काही अडत नाही. तिथं प्रत्येक लाट ताजं सामान घेऊन येते. काचेच्या टाकीत लाट कुठून येणार? प्रवाळ भराभर वाढत असतील तर एका दिवसात अल्कता एखाद्या अंशानं सहज उतरते. फार उतरली, किंवा आज खाली उद्या वर अशी हेलकावत राहिली, की प्रवाळ आजारी पडतात.

म्हणून टाकीचा मालक वरचेवर पाणी तपासतो. छोट्या बाटलीत पाच मिलिलिटर पाणी घ्यायचं आणि तपासणीचं औषध थेंब थेंब टाकत मोजायचं. पाणी आधी निळं होतं आणि मग एका थेंबाला एकदम पिवळं! तपासणीच्या बऱ्याच संचांत जितके थेंब, तितके अंश. सात थेंबांना रंग बदलला तर अल्कता सात.

सामान कमी पडलं तर? एक उपाय तुमच्या ओळखीचा आहे. चुन्याची निवळी! जर्मन लोक तिला 'काल्कवासर' म्हणतात. काल्क म्हणजे चुना, वासर म्हणजे पाणी. टाकीतलं पाणी रोज थोडं वाफ होऊन उडतं. मीठ आणि क्षार मागेच राहतात. उडालेल्या पाण्याच्या जागी हळूहळू, थेंब थेंब निवळी सोडायची. चुन्यातून कॅल्शियम मिळतं. आणि पुरणासाठी लागणारा कार्बन डायऑक्साइड कोण देतं? टाकीतले मासे! तुम्ही परीक्षानळीत फुंकता, मासे टाकीत श्वास सोडतात. रसायन तेच.

मग टाकी दुधाळ का होत नाही? याचं एक कारण म्हणजे मॅग्नेशियम. ते समुद्राच्या पाण्यात कॅल्शियमच्या तिप्पट असतं. पोळी पोळपाटाला चिकटू नये म्हणून आई पिठी भुरभुरते ना? तसं मॅग्नेशियम कॅल्शियम आणि कार्बोनेटला भलत्या ठिकाणी चिकटू देत नाही. पण मालकानं घाई करून निवळी भसकन ओतली, तर मॅग्नेशियमचंही काही चालत नाही. पाण्यात पांढरा धुरळा उठतो आणि प्रवाळासाठी आणलेलं सामान तळाशी जाऊन बसतं. म्हणून ही पोळी सावकाशीनंच करायची.

आता पुन्हा आपल्या परीक्षानळीकडे येऊ. निवळी दुधाळ झाल्यावर बरेच जण फुंकणं थांबवतात. पुढच्या वेळी थांबू नका. बाईंच्या देखरेखीखाली, निवळी तोंडात जाऊ न देता, फुंकतच राहा. थोड्या वेळानं ते दूध पुन्हा निवळू लागेल! कार्बन डायऑक्साइड जास्त झाला की तयार झालेला दगडही विरघळतो.

हे आठवून मला समुद्राची काळजी वाटते. आपण कोळसा आणि तेल जाळतो, त्याच्या धुरातल्या कार्बन डायऑक्साइडचा मोठा वाटा समुद्र पोटात घेतो. तिथंही कार्बन डायऑक्साइड असा जास्त झाल्यामुळे समुद्राचं पुरण पातळ होत चाललं आहे आणि प्रवाळाला दगड रचणं जड जात आहे. टाकीत पुरण घालायला कोणीतरी बाटली घेऊन उभं असतं. समुद्रात बाटली घेऊन कोण उभं राहणार?

आपल्या मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत. भारतात दगडी प्रवाळांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, त्यांना तोडायचं नाही आणि घरी आणायचंही नाही. तुम्ही मालवणला गेलात तर पाण्याच्या काठाशी क्षणभर उभे राहा. वरून काहीच दिसणार नाही. पण त्या स्वच्छ पाण्यात कणीक आहे, पुरण आहे आणि खाली कोणीतरी इवल्या अंगानं एकेक पोळी लाटतं आहे.